कावळ्याचं अंतर, रस्त्याचं अंतर

मागच्या अंकात इंग्रजीतल्या अंतराच्या वाक्प्रचारांबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत कावळाच होता, म्हणून जागाही त्यालाच जास्त दिली आहे.

प्रश्न : 'ॲज द क्रो फ्लाइज' याचा अर्थ मुलांच्या गाइडमध्ये 'कावळा उडतो त्याप्रमाणे' असा दिला आहे. वर्गातल्या निम्म्या मुलांनी तो 'भुर्रकन, वेगाने' असा घेतला. नेमका अर्थ काय आणि वाक्यात वापरायचा कसा? (शिक्षिका, मेढा)

मुलांची चूक नाही. 'कावळा उडतो त्याप्रमाणे' हे वाचून मराठी मुलाला 'चिमणी उडाली, कावळा उडाला' हा खेळच आठवणार. या वाक्प्रचाराचा वेगाशी काही संबंध नाही. वळणं, घाट, नदीचे वळसे, पुलाची वाट हे सगळं सोडून दोन ठिकाणांमध्ये सरळ दोरी ताणली तर ती किती लांब होईल, एवढंच तो सांगतो. मराठीत त्याला 'सरळ रेषेत' किंवा 'हवाई अंतर' म्हणतात. भाषांतरात कावळा आणायचं कारण नाही. जर्मन माणूस याच कल्पनेला 'हवेतली रेषा' म्हणतो, फ्रेंच माणूस 'पक्ष्याच्या उड्डाणाने' म्हणतो. कावळा इंग्रजीने निवडला आहे, तो तिथेच राहू द्यावा.

वाक्यात हा वाक्प्रचार अंतराच्या आकड्यामागून येतो : 'प्रतापगड इज अबाउट नाइन किलोमीटर्स फ्रॉम महाबळेश्वर ॲज द क्रो फ्लाइज, बट मोर दॅन ट्वेंटी बाय रोड.' वाक्याचा दुसरा अर्धा भाग मुलांकडून मुद्दाम लिहून घ्या. सरळ अंतर आणि प्रत्यक्ष वाट यांत फरक असतो तेव्हाच हा वाक्प्रचार कामाचा. सरळसोट रस्त्यावरच्या दोन थांब्यांमधलं अंतर सांगताना तो वापरला तर वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की कावळा मध्येच कशाला आणला.

उत्तरपत्रिकांत चुका बहुधा तीन प्रकारच्या होतात. पहिली, 'द' गाळून 'ॲज क्रो फ्लाइज' लिहिणं. दुसरी, 'ॲज'च्या जागी 'लाइक' घालणं. तिसरी जरा हुशार मुलं करतात. वाक्य भूतकाळी असलं की 'फ्लाइज'चं 'फ्लू' करून टाकतात. हे करायचं नाही. 'द कॅम्प वॉज फाइव्ह किलोमीटर्स अवे ॲज द क्रो फ्लाइज' यात क्रियापद भूतकाळी असलं तरी कावळा वर्तमानातच उडतो. तो गोठलेला शब्दसमूह आहे.

आणखी एक, 'मेक अ बी-लाइन' याच्याशी गल्लत नको. मधमाशीची सरळ रेघ जाण्याची असते, कावळ्याची मोजण्याची. सुट्टी होताच मुलं वडापावच्या गाडीकडे सरळ धावली, तर ती बी-लाइन. गाडी शाळेपासून सरळ रेषेत किती मीटरवर आहे, हे सांगणं कावळ्याचं काम.

प्रश्न : जुन्या जहाजांवर पिंजऱ्यात कावळे ठेवत, धुक्यात ते सोडले की सरळ जमिनीकडे जात आणि जहाज त्यांच्या मागे जाई, त्यावरून हा वाक्प्रचार आला असं सगळीकडे वाचायला मिळतं. खरं आहे का? (पदवीचा विद्यार्थी, कराड)

गोष्ट रंगतदार आहे, पण वाक्प्रचाराच्या उगमाशी तिचा सांधा जुळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे शब्द इंग्रजी लेखनात रुळलेले दिसतात. तिथलं वातावरण समुद्राचं नसून शेतांचं, कुंपणांचं, पायवाटांचं असतं. वळणाची सडक टाळून शेतातून तोडून जाणारा माणूस 'कावळ्यासारखा सरळ' गेला, असा तो वापर. शिडाच्या डोलकाठीवरच्या टेहळणीच्या जागेला इंग्रजीत 'क्रोज नेस्ट' म्हणतात. त्या घरट्यामुळे कावळा जहाजावर चढवला गेला असावा, हा आमचा तर्क.

गंमत अशी की दिशा दाखवणाऱ्या पक्ष्याचा उल्लेख आपल्याकडे फार जुना आहे. दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या केवट्ट सुत्तात समुद्रावर जाणारे व्यापारी 'तीरदस्सी', म्हणजे काठ दाखवणारा पक्षी जहाजावर बाळगतात असा दृष्टान्त आहे. जमीन जवळ असेल तर पक्षी तिकडे निघून जातो, नसेल तर जहाजावर परत येतो. बावेरु जातक या बौद्ध कथेत तर व्यापाऱ्यांबरोबर कावळाच परदेशी जातो. म्हणजे पक्षी सोडून जमीन शोधण्याची पद्धत माणसाला ठाऊक होती, फक्त इंग्रजी वाक्प्रचार तिच्यातून जन्मला असं म्हणायला पुरावा नाही.

आणि कावळा खरंच सरळ उडतो का? दिवसभर तो काय करतो ते मंडईच्या मागे पाहा : घिरट्या, झडप, माघार. संध्याकाळी रातथाऱ्याकडे निघालेले कावळे मात्र ओळीने, बऱ्यापैकी सरळ जाताना दिसतात. म्हणीला तेवढं पुरतं.

प्रश्न : ट्रेकच्या माहितीपत्रकात आम्हांला 'ॲज द क्रो फ्लाइज' अंतर द्यायचं आहे. ते मोजायचं कसं? वेगवेगळ्या माणसांचे आकडे वेगवेगळे येतात. (एक गट, सातारा)

तीन पद्धती आहेत. सोपी आधी.

फोनवरच्या गूगल मॅप्समध्ये पहिल्या ठिकाणी बोट दाबून धरा, तांबडी खूण पडेल. तिची माहिती उघडली की 'मेझर डिस्टन्स' हा पर्याय दिसतो. तो निवडून नकाशा सरकवा आणि मधलं वर्तुळ दुसऱ्या ठिकाणावर आणा. खाली येणारा आकडा सरळ रेषेतला. संगणकावर उजवं बटण दाबून हाच पर्याय मिळतो. इथे चूक होते ती 'डायरेक्शन्स' दाबल्याने. ते रस्त्याचं अंतर देतं, आणि तेही निवडलेल्या वाहनाप्रमाणे बदलतं. तुमच्या आकड्यांत फरक पडण्याचं पहिलं कारण हेच असणार. दुसरं कारण खुणेची जागा. 'सातारा' असं नुसतं शोधलं तर खूण शहराच्या मध्यात कुठेतरी पडते. एकाने बसस्थानकापासून मोजलं, दुसऱ्याने त्या खुणेपासून, तर एखाददुसरा किलोमीटर सहज इकडेतिकडे होतो. माहितीपत्रकात 'कुठून कुठे' हे एका ओळीत लिहाच.

दुसरी पद्धत कागदी नकाशाची. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीटवर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. मोजपट्टी लावा, सेंटिमीटरांची निमपट करा, झालं. वळणाची पायवाट मोजायची असेल तर ओला दोरा वाटेवर बसवा आणि नंतर ताणून पट्टीवर धरा. नकाशाची झेरॉक्स वापरू नका. प्रत काढताना आकार कमीजास्त झाला तर प्रमाण बिघडतं आणि ते डोळ्यांना कळत नाही. प्रतच हाताशी असेल तर नकाशाच्या तळाशी छापलेली मापरेषा वापरा, ती नकाशाबरोबरच लहानमोठी होते.

तिसरी पद्धत अक्षांश-रेखांशांची, वहीवर होणारी. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जाऊ तसा आखडतो. आपल्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात तो सुमारे १०६ किलोमीटर भरतो. उदाहरण घ्या. सातारा साधारण १७.६८ उत्तर, ७४.०२ पूर्व. सांगली १६.८५ उत्तर, ७४.५८ पूर्व. अक्षांशांतला फरक ०.८३, गुणिले १११, म्हणजे ९२ किमी. रेखांशांतला फरक ०.५६, गुणिले १०६, म्हणजे ५९ किमी. दोन्हींचे वर्ग करून बेरीज केली की ८,४६४ आणि ३,४८१ मिळून ११,९४५ येतात. त्याचं वर्गमूळ १०९. म्हणजे सातारा-सांगली हवाई अंतर सुमारे १०९ किमी. कराडवरून जाणारा रस्ता सव्वाशेच्या आसपास भरतो.

या पद्धतीत हमखास घात करते ती दशांश आणि मिनिटांची सरमिसळ. १७ अंश ४१ मिनिटं म्हणजे १७.४१ नव्हे. ४१ भागिले ६० केले की १७.६८ येतात. ही एक चूक तुम्हांला बसल्या जागी ३० किलोमीटर दक्षिणेला नेऊन ठेवते. शिवाय दशांशाचे दोनच आकडे घेतले असतील तर उत्तर किलोमीटरच्या आतबाहेर धरायचं, मीटरमध्ये लिहायचं नाही. '१०९.३४७ किमी' असा आकडा छापलेला दिसला की तो कॅल्क्युलेटरवरून जसाच्या तसा उतरवलाय हे ओळखावं.

आता ट्रेकवाल्यांसाठी मुद्द्याची गोष्ट. महाबळेश्वर ते प्रतापगड हवाई अंतर नऊ किलोमीटरांच्या आत आहे आणि रस्ता वीसच्या वर. लोकांना वाटतं की उंचीच्या फरकामुळे अंतर वाढलं. हिशेब करून पाहा. दोन्हींच्या उंचीत सुमारे ३०० मीटरचा फरक धरला आणि ८,७०० मीटरच्या सरळ रेषेला तेवढा उतार दिला, तर रेषा ८,७०५ मीटर होते. वाढले फक्त पाच मीटर! अंतर वाढतं ते चढाच्या मर्यादेमुळे. गाडीरस्ता खडा नेता येत नाही. डोंगरी रस्त्याला साधारण १ मीटर चढण्यासाठी २० मीटर लांबी लागते असं धरतात. आंबेनळी घाटाचा रस्ता तर आधी खाली उतरतो आणि गडाकडचा फाटा पुन्हा वर चढतो. एवढी उतरण आणि चढण वीसच्या पटीत पसरवायची म्हटल्यावर वळणांशिवाय इलाज नाही.

म्हणून माहितीपत्रकात नुसतं कावळ्याचं अंतर देऊ नका. वाचणारा 'नऊ किलोमीटर, म्हणजे दोन तासांत पोहोचू' असा हिशेब करून पाणीही तेवढंच घेईल. हवाई अंतर, चालण्याची वाट, एकूण चढ आणि लागणारे तास, चारही द्या.

प्रश्न : '५०० मीटरच्या आत दुकान नको' अशा नियमात अंतर कावळ्याचं धरायचं की रस्त्याचं? (व्यापारी, सांगली)

आधी नियमाचा मूळ मजकूर वाचा. 'रस्त्याने', 'चालत जाण्याच्या वाटेने' किंवा 'सरळ रेषेत' यांपैकी काही लिहिलेलं असेल तर तेच चालेल. काहीच लिहिलं नसेल आणि कायदा केंद्राचा असेल, तर सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ याचं कलम ११ लागू होतं : वेगळा हेतू दिसत नसेल तर अंतर आडव्या पातळीवर सरळ रेषेत मोजायचं. म्हणजे कायद्याच्या भाषेत, मुकाट्याने, कावळाच.

'आडव्या पातळीवर' हे शब्द डोंगराच्या जिल्ह्यात नजरेआड करू नका. समजा एक जागा पायथ्याशी आहे आणि दुसरी ३०० मीटर वर, आणि नकाशावर दोन्हींमध्ये ६०० मीटर आहेत. उताराला टेप लावली तर ६७० मीटर भरतील, पण या कलमाप्रमाणे अंतर ६००च. नकाशावर मोजलेलं अंतर आडवंच असतं, त्यामुळे नकाशा इथे सोयीचा पडतो. राज्याच्या कायद्यांना आणि स्थानिक नियमांना त्यांची त्यांची व्याख्या असू शकते. तिथे केंद्राचं कलम पुढे करून भांडू नका.

यातली गंमत २०१७ मध्ये केरळात दिसली. महामार्गाच्या बाहेरच्या कडेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला होता. पुढे २०,००० पर्यंत लोकवस्तीच्या भागांसाठी ते अंतर २२० मीटर केलं गेलं. तिकडच्या एका बारवाल्याने दुकान हलवण्याऐवजी समोरच्या मोकळ्या जागेत भिंती घालून नागमोडी वाट केली. चालण्याचं अंतर वाढलं, बार जागचा हलला नाही. कावळ्याने मोजलं असतं तर एक वीटही कामाला आली नसती.

मोजणीत वाद होतो तो बहुधा टोकांवरून. रस्त्याची मध्यरेषा की कड? दुकानाचं शटर की आवाराचं फाटक? मोजणीचा कागद हातात घ्याल तेव्हा दोन्ही टोकं नावानिशी लिहिली आहेत का ते पाहा. 'अंतर ४९२ मी.' एवढंच लिहिलेल्या कागदावर भांडायलाही काही नसतं.

प्रश्न : फ्लॅटच्या जाहिरातीत 'अ स्टोन्स थ्रो फ्रॉम मिरज जंक्शन' असं होतं. गेलो तर रिक्षाच करावी लागली. या शब्दांना काही माप आहे का? (वाचक, मिरज)

माप नाही, आणि जाहिरातवाल्यांना ते ठाऊक आहे. आपल्या 'हाकेच्या अंतरावर'चा हा जुळा भाऊ. नीट अर्थ घ्यायचा तर मध्ये वाहन लागू नये, एवढी जवळीक. जाहिरातीत तो दिसला की विक्रेत्याला मीटरमध्ये आकडा मागा, आणि विचारताना 'सरळ रेषेत की चालत?' हेही विचारा. रेल्वेच्या बाबतीत ही मेख मोठी असते. घर रुळांच्या पलीकडे असेल तर फलाट खिडकीतून दिसतो, पण पुलावरून किंवा भुयारी रस्त्याने वळसा घेऊन जावं लागतं. जाहिरात करणाऱ्याने तिथे दगडही फेकलेला नसतो, नुसती नजर फेकलेली असते.

लिहिताना 'स्टोन'नंतरचा स्वामित्वाचा 'एस' आणि त्याआधीची वरची खूण विसरू नका. 'स्टोन थ्रो' हे आपल्याकडचं बोलीतलं इंग्रजी.

प्रश्न : आपल्या भागात अंतराचे असे स्वतःचे शब्द नाहीत का? प्रत्येक वेळी इंग्रजीतूनच का घ्यायचं? (शेतकरी वाचक, पलूस तालुका)

आहेत की, आणि कितीतरी बारकाईचे. हाकेचा टप्पा म्हणजे मळ्यातून मारलेली आरोळी वस्तीवर पोहोचावी एवढं अंतर. वारा उलटा असेल तर तेवढ्यानेही ते कमी होतं, हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांना माहीत असतं. ज्वारी राखणाऱ्याचा गोफणीचा टप्पा हातच्या दगडापेक्षा बराच लांब. 'स्टोन्स थ्रो' आणि 'विदिन स्ट्रायकिंग डिस्टन्स' यांतला फरक समजावायला यापेक्षा चांगली जोडी मिळणार नाही : पहिला नुसता जवळपणा सांगतो, दुसऱ्यात मारा पोहोचेल किंवा यश हाती लागेल इतकं जवळ आल्याचा भाव असतो. 'सामना टप्प्यात आला' म्हणतो तेव्हा आपण दुसराच अर्थ वापरतो.

विहिरीची खोली 'परस' या माणसाच्या उंचीवरून धरलेल्या मापाने मोजत. बैलाचा कासरा आभाळात नेऊन 'दिवस कासराभर वर आला' म्हणत, म्हणजे लांबीच्या मापाने वेळ सांगत. मजल म्हणजे एका दिवसाची चाल. तिच्यात किलोमीटर किती हे वाट, ऊन आणि ओझं ठरवणार. ही सगळी मापं माणसाच्या अंगाची आणि कामाची आहेत. इंग्रजांचा कावळा याच्या नेमका उलट, तो माणसाची वाटच हिशेबात घेत नाही. म्हणूनच कदाचित आपल्याकडे त्याला चपखल जुनी म्हण सापडत नाही आणि 'हवाई अंतर' असा नवा शब्द चालवावा लागतो. 'नाकासमोर' हा शब्द जवळचा वाटतो, पण 'नाकासमोर चालणारा माणूस' म्हटलं की तो सरळमार्गी होतो. भूमिती बाजूला राहते.

तुमच्याच तालुक्यातलं उदाहरण घ्या. औदुंबरच्या घाटावर उभं राहिलं की कृष्णेपलीकडे भिलवडीच्या बाजूला भुवनेश्वरीचं देऊळ. नावेने गेलं तर थोडक्यात काम, नदीला पाणी चढलं की पुलाचा वळसा. 'जस्ट अक्रॉस द रिव्हर ॲज द क्रो फ्लाइज' हे वाक्य पावसाळ्यात लिहिणार असाल तर पुढे 'बट' लागलाच पाहिजे.

प्रश्न : 'गिव्ह हिम ॲन इंच अँड ही विल टेक अ माइल', 'कीप ॲट आर्म्स लेंग्थ' आणि ऑफिसच्या मेलमधलं 'गो द एक्स्ट्रा माइल' यांना मराठीत काय म्हणावं? (वाचक, तासगाव)

पहिल्याला 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' ही म्हण तयार आहे. जातीचा उल्लेख नको असेल तर 'बोट दिलं की हात धरतो'. दुसऱ्याला 'चार हात दूर ठेवणं'. इंग्रज एका हातावर भागवतो, आपण चार हात लांब राहतो. मात्र करारांच्या इंग्रजीत 'आर्म्स लेंग्थ' हा तांत्रिक शब्द आहे : एकमेकांशी लागेबांधे नसलेल्या पक्षांनी बाजारभावाने केलेला व्यवहार. तिथे 'चार हात' लिहिलंत तर हिशेबनीस हसेल.

तिसऱ्याचं मूळ बायबलमध्ये, मत्तयाच्या शुभवर्तमानात (५:४१) आहे. कोणी सक्तीने एक मैल चालायला लावलं तर त्याच्याबरोबर दोन मैल जा, असं तिथे म्हटलंय. रोमन सैनिक वाटेत भेटलेल्या माणसाला ओझं वाहायला लावत, त्याचा हा संदर्भ. तो रोमन मैल हजार दुहेरी पावलांचा, सुमारे १,४८० मीटर. आजचा मैल १,६०९ मीटरचा. मराठीत 'नेमून दिलेल्यापेक्षा चार पावलं जास्त' म्हणावं. मूळ वाक्यात पहिला मैल सक्तीचा आणि दुसरा स्वखुशीचा होता. साहेबांच्या मेलमध्ये दोन्ही मैल सक्तीचेच असतात.